दोघांचे तिकीट

दहा फेब्रुवारी हा संत पौलाच्या जहाजफुटीचा सण. आपल्या धर्मग्रामांत तो पाळला जात नाही. पण भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटावर त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. २०२३ साली एका अभ्यासवर्गाच्या निमित्ताने मी रोमला होतो. चार दिवसांची सवड मिळाली, एका गुरुबंधूच्या ओळखीने राबात या गावी एका मठात उतरण्याची सोय झाली, आणि ज्या बेटाच्या किनाऱ्याला पौल लाटांतून लागला ते बेट पाहण्याची सेमिनरीपासूनची इच्छा पुरी झाली. त्या यात्रेविषयी मी पुढे प्रवचनांतून पुष्कळदा बोललो आहे. आज मात्र मला त्या यात्रेतील एका बसच्या तिकिटाविषयी लिहावयाचे आहे. आणि त्यानंतर सुमारे अडीच वर्षांनी आपल्या पुण्यात मी जे तिकीट काढले नाही, त्याविषयी.

माल्टाचे सगळे राष्ट्र ३१६ चौरस किलोमीटरचे. आपल्या पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत ते सहज मावेल. एवढ्याशा भूमीवर पाच लाखांहून अधिक माणसे राहतात आणि त्यांतील बहुसंख्य कॅथोलिक आहेत. त्यांची भाषा अरबीच्या कुळातली, पण लिहितात रोमन लिपीत. देवाला ते ‘आल्ला’ म्हणतात आणि आपल्या उपवासकाळाला ‘रान्दान’. पवित्र मिस्सात परमेश्वराला त्या नावाने घातलेली साद प्रथम ऐकली, तेव्हा मी क्षणभर चमकलो. आणि मग माझ्या चमकण्याचीच मला लाज वाटली.

बेटावर रेल्वे नाही. १८८३ ते १९३१ अशी अठ्ठेचाळीस वर्षे एक छोटी रेल्वे राजधानी व्हॅलेटापासून राबातच्या बाजूला धावत असे. ती बंद पडली. तेव्हापासून मोटार नसलेल्या माणसाला बसचाच आधार. जुन्या पिवळ्या बसगाड्यांच्या आठवणी तेथील वृद्ध मंडळी प्रेमाने सांगतात. त्या गाड्या बहुधा चालकांच्याच मालकीच्या असत. आपल्याकडील ट्रकवाले जसे पुढच्या काचेवर देवादिकांची चित्रे लावतात, तशी त्या गाड्यांत पवित्र मरियेची आणि संतांची चित्रे असत. २०११ च्या जुलैमध्ये त्या गाड्या गेल्या आणि नवी व्यवस्था आली.

नव्या व्यवस्थेबरोबर एक नवा भेदही आला. बेटावर राहणाऱ्याला कमी भाडे आणि बाहेरून आलेल्याला अधिक, असे दोन दर ठरले. असा भेद करता येणार नाही, असा आक्षेप युरोपीय आयोगाने घेतला. पुढे २०१५ पासून कार्ड निघाले: ज्याच्याजवळ कार्ड त्याला कमी भाडे, ज्याच्याजवळ नाही त्याला जास्त. भेद माणसातून निघून कार्डात जाऊन बसला. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून तर स्वतःच्या नावाचे कार्ड असणाऱ्यांना बसप्रवास मोफतच झाला. चार दिवसांच्या पाहुण्याजवळ असे कार्ड कोठून असणार? मी गेलो तेव्हा हिवाळी दर चालू होता: दोन तासांच्या तिकिटाला दोन युरो, म्हणजे पावणेदोनशे रुपयांच्या घरात. पुण्यात त्या काळी चाळीस रुपयांच्या दैनिक पासावर दिवसभर शहर पालथे घालता येत असे. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात प्रत्येक तिकिटाचे रुपये करीत होतो. दुसऱ्या दिवशी तो नाद सोडला.

ही रीत अन्यायाची आहे असे मी म्हणत नाही. रहिवासी कर भरतो, सरकार त्या करातून बसचा खर्च भागविते, मग रहिवाशाने फुकट बसावे यात वावगे काय? शिवाय परदेशाकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली तेथील रहिवासी स्त्रियांना राज्यांतर्गत साध्या बसमधून मोफत प्रवास मिळतो. समजा, दोन सख्ख्या बहिणी आहेत, एक निपाणीत दिलेली आणि दुसरी कोल्हापुरात. दोघी निपाणीहून एकाच बसने बेळगावला माहेरी निघाल्या, तर पहिलीला शून्य रुपयांचे तिकीट मिळते आणि दुसरीला पैसे मोजावे लागतात. आई एक, माहेर एक, बाकडे एक. पण आधार कार्डावरचा पत्ता वेगळा. मराठीत ‘पाहुणा’ हा मोठा मानाचा शब्द आहे. त्याला पाट द्यावा, पाणी द्यावे, ताटात पहिली पोळी त्याला वाढावी. तिकिटाच्या खिडकीपाशी मात्र पाहुणा म्हणजे ज्याच्याकडून अधिक घ्यावयाचे तो.

सणाच्या संध्याकाळी मी व्हॅलेटात होतो. तेथील संत पौलाच्या मंदिरात त्याच्या मनगटाच्या अस्थीचा अवशेष जपलेला आहे. मेल्किओर्रे गाफा या शिल्पकाराने सतराव्या शतकात घडविलेली पौलाची लाकडी मूर्ती खांद्यांवर घेऊन अरुंद रस्त्यांतून मिरवणूक निघते आणि वरच्या सज्जांतून कागदाच्या चिटोऱ्यांचा असा पाऊस पडतो की, फरसबंदी पांढरी होऊन जाते. मी भान हरपून पाहत राहिलो. मठात परतण्याची वेळ उलटत चालली, तेव्हा शहराच्या वेशीबाहेर, ट्रायटनच्या कारंज्याजवळ जेथून बसगाड्या सुटतात तेथे धावत आलो. राबातची बस उभी होती. आत चढलो आणि खिसा चाचपला. सुटी नाणी सगळी मंदिरातल्या दानपेटीत गेली होती. जवळ होती ती पन्नास युरोंची एकच नोट.

चालकाने नोटेकडे पाहून मान हलविली. एवढ्या नोटेचे सुटे त्याच्याजवळ नव्हते, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. मागे माणसे खोळंबली होती. बावन्न वर्षांचा, दोन पदव्या घेतलेला, दर रविवारी शेकडो लोकांसमोर उभा राहून बोलणारा मी, त्या क्षणी हातात नोट धरून शाळकरी मुलासारखा उभा होतो. उतरून जावे म्हणून वळलो, तोच मागून एक हात पुढे आला आणि चालकासमोर दोन युरोंचे नाणे ठेवून मागे गेला.

ती एक फिलिपिनो बाई होती, चाळिशीची. एका वृद्ध माल्टी जोडप्याची शुश्रूषा करण्याचे काम ती करीत होती. मी तिच्या शेजारच्या बाकावर बसलो, आभार मानले आणि पैसे परत कसे करू म्हणून विचारले. तिने हसून सांगितले, ते काही पुस्तकी इंग्रजी नव्हते, पण त्याचा मराठी अर्थ असा: ‘‘मी नवी आले तेव्हा माझे कार्ड यायला वेळ लागला. तोवर रोजचे पैसे मोजून द्यावे लागत. आता मी फुकट जाते. माझे वाचलेत ना!’’ मी धर्मगुरू आहे हे तिला ठाऊक नव्हते. थंडीमुळे माझा कोट गळ्यापर्यंत बंद होता. ते तिला सांगावे असे माझ्या फार मनात आले, आणि का कोण जाणे, सांगितले नाही. राबातच्या अलीकडे कुठल्याशा थांब्यावर ती उतरून गेली. तिचे नाव विचारायचे राहिले.

त्या रात्री मठाच्या खोलीत मी प्रेषितांच्या कृत्यांचा अठ्ठाविसावा अध्याय पुन्हा उघडला. पौल रोमला चालला होता तो यात्रेकरू म्हणून नव्हे, कैदी म्हणून. जहाज फुटले आणि दोनशे शहात्तर माणसे पोहत, फळ्यांना धरून किनाऱ्याला लागली. बेटावरच्या लोकांसाठी लूकने जो ग्रीक शब्द वापरला आहे, तो ‘बार्बारोई’: ज्यांची बोली आपल्याला कळत नाही असे लोक. त्या लोकांनी पावसात आणि थंडीत शेकोटी पेटवून सर्वांना जवळ घेतले. हा प्रसंग मी सेमिनरीत अभ्यासला होता, पुढे शिकविलाही होता. पण त्यातील क्रम त्या रात्री प्रथम ध्यानात आला. पौलाच्या हाताला साप डसतो, तेव्हा हा खुनी असला पाहिजे असे लोकांना वाटते. साप झटकून तो सुखरूप राहतो, तेव्हा हा देवच असला पाहिजे असे वाटते. दोन्ही मते चुकीची. पण ही मते बनली ती शेकोटी पेटल्यानंतर. हा माणूस कोण, कोठला, खुनी की साधू, याची चौकशी करून मग त्यांनी लाकडे गोळा केली नाहीत. २०२२ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस माल्टाला गेले होते, तेव्हा त्यांच्या भेटीचे बोधवाक्य याच प्रसंगावरून घेतलेले होते, आणि हाल फार येथे ते समुद्रातून आलेल्या स्थलांतरितांना जाऊन भेटले होते.

पुण्याला परतल्यावर मी त्या फिलिपिनो बाईची गोष्ट तीन वेळा तरी प्रवचनात सांगितली. पन्नास युरोंच्या नोटेपाशी लोक हसत आणि नाण्यापाशी गंभीर होत. मिस्सानंतर दारात हात मिळविताना कित्येकांनी मला सांगितले, ‘‘फादर, आजचे प्रवचन लागले.’’ मलाही बरे वाटे.

आता दुसऱ्या तिकिटाविषयी.

१ जून २०२५ पासून पुण्यातील बसभाडे वाढले. किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले आणि टप्पे पाच-पाच किलोमीटरचे ठरले. त्यानंतर महिनाभराने, जुलैच्या एका पावसाळी संध्याकाळी, वाघोलीला एका रुग्णाची भेट घेऊन मी नगर रस्त्याने परतत होतो. बसायला जागा मिळाली होती. पुढल्या थांब्यावर एक कुटुंब चढले. नवरा, बायको आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा. डोक्यावर प्लास्टिकची गोणी, हातात सिमेंटच्या पिशवीत बांधलेले अंथरूण. वाघोलीच्या परिसरात जिकडेतिकडे इमारती उठत आहेत आणि त्या उठविणारे हात दूरदेशाहून येतात. हे त्यांच्यापैकीच दिसत होते. रात्रीच्या गाडीने गावी जाण्यासाठी त्यांना पुणे स्टेशनला पोचायचे होते.

कंडक्टरने भाडे सांगितले. नवऱ्याने मुठीतल्या नोटा मोजल्या, बायकोने कनवटीची नाणी काढून दिली. वीस रुपये कमी पडत होते. कोणीतरी त्यांना जुने भाडे सांगितले असावे. ‘‘मोबाइलवरून द्या,’’ कंडक्टर म्हणाला. मोबाइल बंद पडला होता. कंडक्टर काही कठोर माणूस नव्हता. यंत्रातून तिकीट निघाले की त्याचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो. त्याने विचार करून मार्ग काढला, ‘‘एवढ्यात रामवाडीपर्यंतचे होईल. पुढे चालत जा.’’ नवऱ्याने मान डोलावली.

माझ्या खिशात पैसे होते. किती होते तेही मला ठाऊक होते. माझ्या हातात प्रार्थनाग्रंथ होता आणि संध्याकाळची प्रार्थना अर्धी झाली होती. मी सगळे ऐकत होतो, ओळींवरून नजर फिरवीत होतो आणि विचार करीत होतो. हे खरे असेल का? असे मागणारे पुष्कळ असतात. पण त्यांनी तर कोणाकडेच मागितले नव्हते! कंडक्टर काही तरी सोय करील. दुसरा कोणी देईल. उठून दिले तर सगळे माझ्याकडे पाहतील. असे एकेक विचार येत होते, आणि बस खराडीच्या बगलरस्त्यावरून चंदननगर, विमाननगर करीत पुढे जात होती.

रामवाडीला ती तिघे उतरली. पाऊस कोसळत होता. मेट्रोच्या पुलाखाली त्यांनी क्षणभर आसरा घेतला, बापाने मुलाला खांद्यावर घेतले आणि ती स्टेशनच्या दिशेने चालू लागली. बस त्यांना ओलांडून पुढे गेली.

वाचकहो, रामवाडीचा तो परिसर मला परका नाही. आमचे पेपल सेमिनरी तेथेच आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे ते स्थापन केले आणि १९५५ साली ते पुण्यास आले. म्हणजे ती संस्थासुद्धा एका बेटावरून पुण्याला आलेली पाहुणीच म्हणावयाची. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातून १९९० च्या पावसाळ्यात मी पत्र्याची पेटी घेऊन प्रथम पुण्याला आलो, तेव्हा पीएमटीच्या कंडक्टरने सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात मला हाक दिली होती, ‘‘अहो सेमिनरीवाले, तुमचे आले!’’ आणि पेटी खाली उतरवून दिली होती. त्याच भागात मी आणखी एक कुटुंब उतरताना पाहिले, आणि जागचा हललो नाही.

रात्री झोप आली नाही. एक प्रश्न सारखा टोचत राहिला. त्या बाईच्या गळ्यात क्रूस नव्हता. मी तो पाहिला होता, म्हणजे आहे की नाही हे माझ्या डोळ्यांनी नकळत तपासले होते. असता तर मी उठलो असतो का? बहुधा उठलो असतो. ‘कुठून आलात? तुमचे धर्मग्राम कोणते?’ अशी चौकशीही केली असती. म्हणजे माझ्याजवळही एक कार्ड आहे. ते दाखविणाऱ्याला माझा जीव मोफत, आणि ज्याच्याजवळ नाही त्याने रामवाडीला उतरावे. माल्टाच्या लोकांनी आधी शेकोटी पेटविली आणि मग मते बनविली. मी आधी मत बनवीत बसलो आणि तोवर त्यांचा थांबा आला.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायाच्या अखेरीस एक छोटा प्रसंग आहे. प्रवचनात आपण त्याच्याकडे सहसा वळत नाही. कफर्णहूम येथे मंदिरपट्टी गोळा करणारे लोक पेत्राला गाठतात आणि तुमचा गुरू पट्टी भरीत नाही काय, असे विचारतात. पेत्र घरात येतो, तेव्हा त्याने तोंड उघडण्यापूर्वीच प्रभू त्याला विचारतो की, पृथ्वीवरचे राजे जकात कोणाकडून घेतात, आपल्या पुत्रांकडून की परक्यांकडून? पेत्र म्हणतो, परक्यांकडून. तर मग पुत्र मोकळे आहेत, असे प्रभू सांगतो. घरच्याला माफ आणि परक्याला आकार, ही रीत अशी फार जुनी आहे. प्रभूने तिचा धिक्कार केलेला नाही. तो मंदिराच्या धन्याचा पुत्र, म्हणजे मोकळ्यांतला मोकळा. आणि तरीही, कोणाला अडखळण नको म्हणून, तो पेत्राला गळ टाकावयास पाठवितो. माशाच्या तोंडात जे नाणे सापडते ते चार द्राक्मांचे. मंदिरपट्टी माणशी दोन द्राक्मांची होती. म्हणजे ते नाणे बरोबर दोघांचे होते. ज्याला भरावे लागत नव्हते त्याने भरले, आणि आपल्याबरोबर दुसऱ्याचेही भरले.

व्हॅलेटाच्या बसमध्ये त्या फिलिपिनो बाईने हेच केले होते. ती मोकळी होती. तिचे वाचले होते, म्हणूनच तिने माझे भरले. आपल्यापैकी बहुतेक जण कशा ना कशाच्या बाबतीत या गावाचे, या घराचे, या देवळाचे ‘पुत्र’ आहोत. भाषा येते, रस्ते ठाऊक आहेत, अडचणीला हाक मारावी अशी चार माणसे आहेत. यांतले काहीच आपण विकत घेतलेले नाही. जे वाचले आहे ते कोणासाठी वाचले आहे, हा प्रश्न त्या नाण्यातून प्रभू आपल्याला विचारतो, असे मला वाटते. त्याचे उत्तर मी प्रवचनात तीन वेळा दिले होते आणि बसमध्ये एकदाही दिले नव्हते. ही गोष्ट मी माझ्या पापनिवेदनात सांगितली. तेथे तिची क्षमा झाली. पण ती तिघे भिजत स्टेशनपर्यंत गेली, त्यांना गाडी मिळाली की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून मी एक लहानसा नेम केला आहे. बसने निघताना वरच्या खिशात दोघांच्या तिकिटाचे सुटे पैसे ठेवतो. एक माझे, दुसरे अजून न भेटलेल्या माणसाचे. ते पैसे आजवर तीन वेळा बाहेर निघाले. पहिल्या वेळी एका विद्यार्थिनीने ‘थँक यू अंकल’ म्हणून घेतले. दुसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्याकडे असे पाहिले की, माझा हात खिशाजवळच थांबला. ‘‘असू द्या साहेब, पुढच्या स्टॉपला उतरतो,’’ तो म्हणाला. देण्यालाही रीत लागते आणि ती मला नीट येत नव्हती. बहुधा मी दान द्यावे तसे दिले असावे. तिसऱ्या वेळी मी फक्त एवढेच म्हटले, ‘‘माझ्याकडे सुटे जास्त झालेत, घ्या.’’ त्या माणसाने ते घेतले, तिकीट काढले आणि आम्ही दोघे येरवड्यापर्यंत पावसाविषयी बोलत गेलो.

नगर रस्त्याने येता-जाताना रामवाडीचा थांबा आला की, मी अजूनही खिडकीतून मेट्रोच्या पुलाखाली पाहतो. तेथे रोज कोणी ना कोणी गाठोडे घेऊन उभे असते. मग मी वरच्या खिशावर हात ठेवून पैसे आहेत ना, एवढे पाहून घेतो.